पोर्ट कास्क फिनिश आणि वाढीव वय: १२ ची १४ झाली की ग्लासात नक्की काय बदलतं?

प्रश्न असा आलाय की ग्लेनमॉरंजी या स्कॉच डिस्टिलरीची क्विंटा रुबान ही व्हिस्की आधी १२ वर्षांची मिळायची, आता १४ ची मिळते, तर ही वाढीव दोन वर्षं चवीत खरंच कळतात का की नुसता लेबलवरचा आकडा बदललाय, आणि मुळात पोर्ट या गोड पोर्तुगीज वाईनच्या कास्कमध्ये, म्हणजे लाकडी पिंपात, ठेवल्याने व्हिस्कीचं होतं काय. त्याला जोडूनच विचारलंय की बालवेनी या दुसऱ्या स्कॉच डिस्टिलरीची २१ वर्षांची पोर्टवुड एवढी महाग आहे ती पोर्टमुळे की वयामुळे. मी ब्लेंडिंगच्या कामातला माणूस आहे, कास्कमधून नमुने काढणं, वास घेणं, कुठलं पिंप कशात मिसळायचं ते ठरवणं हेच रोज चालतं, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. हो, कळतात. पण ती दोन वर्षं कुठे घातली हे बघायला पाहिजे. जुन्या १२ मध्ये साधारण १० वर्षं बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या कास्कमध्ये आणि शेवटची २ पोर्टच्या पिंपात असा हिशोब होता, १४ मध्ये तीच १० वर्षं बर्बनची आणि पुढे ४ वर्षं पोर्टची. म्हणजे एकूण वय वाढलं सहाव्या हिश्शाने पण पोर्टमधला मुक्काम झाला दुप्पट. आणि तरी चव काही दुप्पट पोर्टसारखी झाली नाही, हीच यातली सगळ्यात मजेदार गोष्ट आहे. जुनी १२ जास्त उघडी होती, पुदिन्यासारखा गारवा, चॉकलेट, लाल फळं, सगळं पहिल्याच घोटात पुढे यायचं. १४ जास्त भरीव लागते, डार्क चॉकलेट, संत्र्याची साल, अक्रोड, आणि शेवटी जिभेवर थोडा कोरडा तुरटपणा. बालवेनी २१ ची गोष्ट बरोबर उलटी आहे, तिथे पोर्टचा मुक्काम काही महिन्यांचाच, बाकी सगळं वय. म्हणून दोन्ही बाटल्यांवर पोर्ट लिहिलेलं असलं तरी तुम्ही पैसे दोन वेगळ्या गोष्टींचे देताय, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की पोर्ट फिनिश, म्हणजे शेवटचा काही काळ पोर्टच्या पिंपात ठेवणं, आणि वय ह्या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवल्या तरच बाटली निवडता येते.

एक गैरसमज आधी काढून टाकू. बऱ्याच जणांना वाटतं की १४ वर्षं अधिक फिनिश, म्हणजे फिनिशचा काळ वयात धरत नाहीत. धरतात. स्कॉच व्हिस्कीचे २००९ चे नियम आहेत त्यात व्हिस्की ओकच्या लाकडाच्या, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या कास्कमध्ये स्कॉटलंडमध्येच किमान ३ वर्षं मुरली पाहिजे असं आहे, आणि वय म्हणजे कास्कमधला एकूण काळ, मग कास्क एक असो की तीन. लेबलवर जो आकडा लिहितात तो मिश्रणातल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा. फिनिश किती दिवस द्यायचं याची मात्र किमान मुदत कुठे ठरवलेली नाही. तीन महिने ठेवलं तरी फिनिश, चार वर्षं ठेवलं तरी फिनिश. त्यामुळे लेबलवर फक्त पोर्ट कास्क फिनिश एवढंच असेल तर तुम्हाला जवळजवळ काहीच कळलेलं नसतं, १०+४ असा हिशोब जी कंपनी देते तिचं म्हणूनच मला कौतुक वाटतं.

आता पोर्टच्या पिंपाकडे. पोर्ट म्हणजे उत्तर पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली वाईन, ज्या भागाची हद्द १७५६ मध्येच आखून दिली होती. तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, टिंटा रोरिझ असली गडद काळी द्राक्षं, ती आंबत असतानाच मध्येच त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट १९ ते २२ टक्के अल्कोहोलची, गोड आणि रंगाने दाट असते. तिची जी मोठी लांबट पिंपं असतात त्यांना पाईप म्हणतात, साधारण ५५० लिटरची. बर्बनचं बॅरल २०० लिटरच्या आसपास, हॉग्जहेड २५०, शेरीचं बट ५००, म्हणजे पोर्ट पाईप या सगळ्यांत मोठं.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे जी जाहिरातीत कोणी फार सांगत नाही. रुबी पोर्ट, म्हणजे ती लाल, फळांच्या चवीची, ती पारंपरिक पद्धतीने मोठमोठ्या लाकडी टाक्यांमध्ये ठेवतात, छोट्या पिंपात नाही, कारण तिचा लाल रंग आणि ताजेपणा टिकवायचा असतो. पाईपमध्ये वर्षानुवर्षं मुरते ती टॉनी पोर्ट. आणि पोर्टवाल्यांना त्यांची पिंपं जुनी, लाकडाची चव न देणारीच हवी असतात, ती ते सहजासहजी विकत नाहीत, दुरुस्त करून करून दशकानुदशकं वापरतात. मग व्हिस्कीवाल्यांना रुबी पोर्टची एवढी पिंपं मिळतात कुठून? तर त्यातली बरीच मुद्दाम तयार करून घेतलेली असतात, म्हणजे ओकचं पिंप घ्यायचं, त्यात पोर्ट भरून काही काळ ठेवायची, लाकडाने ती पुरेशी प्यायली की रिकामं करून स्कॉटलंडला पाठवायचं. याला सीझन केलेला कास्क म्हणतात, शेरीच्या कास्कचंही आज मुख्यतः हेच आहे. यात फसवणूक काही नाही, उलट जुन्या थकलेल्या पाईपपेक्षा नीट सीझन केलेलं पिंप व्हिस्कीला जास्त देतं, फक्त मनातलं ते चित्र, की गुहेत पन्नास वर्षं पोर्ट सांभाळलेलं पिंप थेट आपल्या व्हिस्कीसाठी आलंय, ते दर वेळी खरं नसतं. पोर्तुगालमध्ये जुन्या काळी चेस्टनटच्या लाकडाचीही पिंपं असायची, ती स्कॉचला चालत नाहीत, ओकच लागतं.

कास्क येतो तेव्हा पहिलं काम म्हणजे बूच काढून नाक लावणं. वाईनच्या रिकाम्या पिंपाचा प्रवासात व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून काही जण प्रवासात पिंप सुकू नये म्हणून थोडी वाईन आत ठेवून पाठवतात, पण व्हिस्की भरण्याआधी ती पूर्ण काढून टाकावीच लागते कारण स्कॉचमध्ये पाणी आणि साधा कॅरमेलचा रंग याशिवाय काहीही घालायला परवानगी नाही. कुबट, आंबट, किंवा काडेपेटी ओढल्यासारखा गंधकाचा वास आला तर ते पिंप बाजूला. ह्या एका मिनिटाच्या कामावर पुढची चार वर्षं अवलंबून असतात, आणि मला विचाराल तर वाईट पोर्ट फिनिश ज्या मी चाखल्यात त्यातल्या बहुतेक इथेच बिघडलेल्या होत्या.

मग आत काय होतं ते बघू, हा सगळा उत्तराचा गाभा आहे.

पिंपाच्या लाकडात काही लिटर पोर्ट शोषलेली असते, दिसत नाही पण असते. तुम्ही त्यात १० वर्षं मुरलेली, जवळपास ५५-६० टक्क्यांची व्हिस्की भरता. एवढं तेज अल्कोहोल लाकडात शिरलं की आतली वाईन बाहेर यायला लागते, आणि हे फार पटकन होतं, पहिल्या काही आठवड्यांत रंग बदलतो, लालसर गुलाबी झाक येते, नाकाला चेरी, प्लम, जॅम कळायला लागतं. हा पहिला टप्पा. इथे जर थांबलात आणि बाटली भरलीत तर जे मिळतं ते म्हणजे व्हिस्की आणि वर पोर्टचा थर, दोन्ही वेगवेगळे कळतात. ताज्या लोणच्यात मसाला वेगळा आणि कैरीची फोड वेगळी लागते ना, अगदी तसं, आणि मुरायला जसा वेळ द्यावाच लागतो तसाच इथेही द्यावा लागतो.

दुसरा टप्पा हळू चालतो. शोषलेली वाईन बाहेर येऊन संपत आली की मग लाकूड स्वतः द्यायला लागतं. ओकच्या लाकडात लिग्निन असतं त्यातून व्हॅनिलिन येतं म्हणजे व्हॅनिला, हेमिसेल्युलोज भाजलं गेलेलं असतं त्यातून कॅरमेल आणि टोस्टचे वास, लॅक्टोनमधून नारळ, आणि टॅनिन म्हणजे तुरटपणा. अमेरिकन ओकमध्ये नारळ-व्हॅनिला जास्त, युरोपियन ओकमध्ये टॅनिन आणि मसाला जास्त. पोर्टची पिंपं बहुतेक युरोपियन ओकची, त्यात वाईनचे स्वतःचे टॅनिन, द्राक्षाच्या सालीतून आलेले, तेही लाकडात बसलेले असतात. म्हणून पोर्टमध्ये जास्त ठेवलं की व्हिस्की जास्त गोड होत जाते हा जो सर्वसाधारण समज आहे तो मला पटत नाही, पहिल्या काही महिन्यांनंतर गोडवा फारसा वाढत नाही, तुरटपणा आणि मसाला वाढतो. क्विंटा रुबान १४ चा शेवट १२ पेक्षा कोरडा का लागतो त्याचं उत्तर माझ्या मते इथे आहे.

तिसरी गोष्ट या दोन्हीबरोबर चालूच असते, हवा. पिंप श्वास घेतं, थोडा ऑक्सिजन आत जातो, अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होतं, आम्लं तयार होतात, आम्लं आणि अल्कोहोल मिळून एस्टर होतात, म्हणजे फळांचे वास. हे सगळं फार संथ आहे, त्याला आठवडे महिने पुरत नाहीत, वर्षं लागतात. पोर्टचा ताजा जॅमसारखा वास जाऊन त्या जागी मनुका, अंजीर, अक्रोड, जुन्या लाकडी कपाटासारखा वास येतो तो यातून. रंगसुद्धा तसाच, वाईनमधला लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, ते टॅनिनला चिकटत जातात आणि गुलाबी झाक जाऊन तांबूस, मग नारिंगी तपकिरी. त्यामुळे ग्लासात गुलाबी झाक बघून ही जास्त पोर्टवाली असं म्हणू नका, बऱ्याचदा ती फक्त कमी वेळ ठेवलेली असते.

आणि पिंपाचा आकार विसरू नका. मोठ्या पिंपात दर लिटर व्हिस्कीला लाकडाचा पृष्ठभाग कमी मिळतो. साधा भूमितीचा हिशोब केला तर ५५० लिटरच्या पिंपात २०० लिटरच्या मानाने दर लिटर साधारण ३० टक्के कमी लाकूड लागतं. म्हणूनच ४ वर्षांचं फिनिश पाईपमध्ये झेपतं. तेच जर पाईप तोडून छोटी पिंपं बांधली, किंवा २२५-२५० लिटरचे पोर्टचे कास्क घेतले, तर ४ वर्षांत लाकूड डोक्यावर बसू शकतं, तिथे सतत नमुने काढत राहावं लागतं. फिनिशचं काम सुरू केलं की कॅलेंडर बघून चालत नाही, नाकानेच ठरवावं लागतं.

ग्लेनमॉरंजीचं उदाहरण मी मुद्दाम धरलंय कारण फिनिशच्या बाबतीत ही स्कॉटलंडमधल्या टेन गावची डिस्टिलरी फार आधीपासून काम करतेय, त्यांची पोर्ट वुड फिनिश १९९४ मध्ये आली होती, क्विंटा रुबान हे नाव नंतरचं. तिथे व्हिस्की घडवण्याचं काम केलेल्या बिल लम्सडेन यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. आणि या डिस्टिलरीच्या भट्ट्या, म्हणजे स्टिल्स, स्कॉटलंडमधल्या सगळ्यात उंच, नुसती मान ५ मीटरच्या वर. एवढ्या उंचीवर जड तेलकट वाफा पोचतच नाहीत, परत खाली पडतात, त्यामुळे जे स्पिरिट मिळतं ते हलकं, फुलांच्या, संत्र्याच्या वासाचं. अशा हलक्या स्पिरिटवर पोर्टचा रंग लगेच चढतो आणि जास्त चढला तर मूळ चव दिसेनाशी होते. म्हणून आधी १० वर्षं बर्बनमध्ये, तिथे व्हॅनिला आणि अंगाला थोडा भरीवपणा मिळवायचा, आणि मग पोर्ट. थेट पहिल्या दिवसापासून पोर्टमध्ये भरलं असतं तर ते १४ वर्षांनी व्हिस्कीपेक्षा लाकडी वाईनसारखं लागलं असतं असं मला वाटतं. काही डिस्टिलऱ्या पूर्ण काळ पोर्टमध्ये मुरवलेले एखाददुसरे कास्क काढतात, त्यातले काही अप्रतिम असतात, पण तिथे स्पिरिट जड, अंगाचं भक्कम असावं लागतं.

आता वयाकडे येतो, कारण वाढीव वय म्हणजे आपोआप चांगलं हा समज फार पक्का बसलाय.

स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामात वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, एंजल्स शेअर म्हणतात ती. २०० लिटरचं पिंप धरलं तर १२ वर्षांनी साधारण १५७ लिटर उरतं, १४ वर्षांनी १५१, आणि २१ वर्षांनी १३१. वर अल्कोहोलची टक्केवारीही हळूहळू उतरत जाते, ६३.५ टक्क्यांना भरलेली व्हिस्की दोन-अडीच दशकांत पन्नाशीच्या आसपास किंवा खाली येऊ शकते, आणि ४० च्या खाली गेली की तिला व्हिस्की म्हणताच येत नाही. म्हणजे महाग का असते यातला एक भाग इथेच कळतो, माल कमी उरतो, पैसे अडकून पडतात, जागा अडते. १२ वरून १४ मध्ये मालाचा फरक फार नाही, जो खर्च वाढतो तो पोर्टची पिंपं दुप्पट काळ अडकून पडण्याचा.

चवीत वयाने काय होतं? दोन कामं. एक म्हणजे काढून टाकणं, नव्या स्पिरिटमधले गंधकाचे, उकडलेल्या कोबीसारखे वास असतात ते आतून जाळलेल्या कास्कचा कोळसा शोषतो आणि काही उडून जातात. हे काम पहिल्या आठ-दहा वर्षांत बरंचसं होऊन जातं. दुसरं म्हणजे घालणं आणि गोल करणं, ते पुढे चालू राहतं पण दर वर्षी कमी कमी, कारण लाकूडही थकतं. तिसऱ्यांदा भरलेल्या बर्बन कास्कमध्ये १२ ची १४ केली तर मलाही समोरासमोर ठेवल्याशिवाय सांगता येणार नाही. पण तीच व्हिस्की शेवटच्या दोन वर्षांसाठी नव्या पिंपात हलवली तर घड्याळ नव्याने सुरू झाल्यासारखं होतं. म्हणून दोन वाढीव वर्षं असा काही ठरावीक फरक नसतोच, कुठल्या पिंपातली दोन वर्षं हा प्रश्न आहे. जुन्या थकलेल्या पिंपातली दोन आणि ताज्या पोर्ट पाईपमधली दोन यांची तुलनाच होत नाही.

बालवेनी पोर्टवुड २१ याचं दुसरं टोक. डेव्हिड स्टुअर्ट, जे १९६२ मध्ये विल्यम ग्रँटमध्ये, म्हणजे बालवेनीच्या मालक कंपनीत, लागले आणि ज्यांनी १९९३ ची डबलवुड १२ आणली, त्यांचीच ही १९९६ ची. इथे २१ वर्षांची मुरलेली, आधीच गोल झालेली, मधाळ व्हिस्की आहे, आणि पोर्ट फक्त शेवटचा हात फिरवल्यासारखी. नाकाला मनुका, मध, सुका मेवा, तोंडात रेशमी, आणि पोर्ट कुठे आहे ते शोधावं लागतं. बऱ्याच जणांची तक्रार असते की एवढे पैसे देऊन पोर्ट लागतच नाही. बरोबर आहे, लागू नये अशीच ती केलेली आहे. इतक्या जुन्या व्हिस्कीत आधीच २० वर्षांचं लाकूड बसलेलं असतं, त्याला चार वर्षं ताज्या पोर्टमध्ये बुडवलं तर टॅनिनवर टॅनिन चढेल आणि वयाने कमावलेलं सगळं झाकलं जाईल. वय जास्त असेल तर फिनिश हलकं, हा माझा स्वतःचाही नियम आहे. माझी एक तक्रार आहे, ४० टक्क्यांना भरतात ती नेहमीची आवृत्ती. एवढ्या सुंदर व्हिस्कीला थोडी जास्त ताकद असती तर अजून खूप काही दिसलं असतं, त्यांची ४७.६ टक्क्यांची आवृत्ती ज्यांना मिळाली असेल ते सहमत होतील.

क्विंटा रुबान ४६ टक्क्यांना आहे, चिल फिल्टर न केलेली, हा तिचा मोठा फायदा. चिल फिल्टर म्हणजे थंड करून गाळणं, त्यात लांब साखळीचे एस्टर निघून जातात जे पाणी बर्फ घातल्यावर गढूळपणा आणतात पण तोंडात जो मऊ तेलकट स्पर्श असतो तोही तेच देतात. ४६ आणि त्याच्या वर गढूळ व्हायची भीती कमी म्हणून गाळायची गरज पडत नाही. पोर्ट फिनिशमध्ये हा स्पर्श मला फार गरजेचा वाटतो, नाहीतर टॅनिन उघडे पडतात आणि व्हिस्की पातळ आणि तुरट अशी दोन्ही एकदम लागते.

धुराच्या व्हिस्कीचं थोडक्यात. पीट, म्हणजे ज्याच्या धुरावर माल्ट वाळवतात ती दलदलीतली माती, आणि पोर्ट ही जोडी तरुण वयात छान जमते, लाँगरो रेडची पोर्टवाली आवृत्ती किंवा टॅलिस्कर पोर्ट रूई बघा, धूर आणि लाल फळं. पीटचे फेनॉल, म्हणजे धुराचा वास देणारे घटक, वयाबरोबर मंद होत जातात, त्यामुळे इथे वाढीव वय म्हणजे धूर कमी, ते हवंय का ते आधी ठरवा. आणि एक सूचना, पोर्ट शार्लट, पोर्ट एलन, पोर्ट अस्केग ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या गावांची नावं आहेत, त्या बाटल्यांचा पोर्ट वाईनशी काही संबंध नाही, नाव बघून घेऊ नका.

रुबी, टॉनी आणि व्हाईट यातला फरकही लेबलवर असेल तर जरूर बघा. रुबीने चेरी, प्लम, चॉकलेट. टॉनीने अक्रोड, अंजीर, कॅरमेल, संत्र्याची साल, टोमॅटिनची १४ वर्षांची त्या प्रकारची आणि किमतीच्या मानाने मला फार आवडते. व्हाईट पोर्टने मध, जर्दाळू, हलकं. टॉनी मुळातच हवेत मुरलेली असल्यामुळे तिचं फिनिश कमी काळातही मुरल्यासारखं लागतं, रुबीला वेळ द्यावा लागतो.

आपल्याकडच्या व्हिस्कीशी वयाची तुलना करणाऱ्यांसाठी, बंगळुरूच्या अमृतची पोर्टोनोव्हा आहे, ६२.१ टक्क्यांची, ती पोर्ट पाईपमध्ये जाऊन परत बर्बनमध्ये येते. लेबलवर वय नाही, पण आपल्या उष्णतेत लाकूड इतकं जोरात देतं आणि इतकी व्हिस्की उडते, गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन बनते तिथे ती स्कॉटलंडच्या कितीतरी पट, की पाच-सहा वर्षांत रंग आणि लाकूड भरपूर चढतं. त्याला स्कॉटलंडची १५-१८ वर्षं म्हणू नका मात्र. लाकूड उष्णतेने लवकर येतं, पण ते हवेचं, एस्टरचं संथ काम तेवढ्या प्रमाणात लवकर होत नाही. पोर्टोनोव्हा दणदणीत आहे आणि मला मनापासून आवडते, ती वेगळ्या जातीची आहे एवढंच.

रंगाबद्दल. स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला परवानगी असल्याने गडद म्हणजे जास्त पोर्ट किंवा जास्त जुनी असं धरू नका. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर रंग घातला असेल तर लिहावं लागतं, तिथे कोणी नातेवाईक असेल तर फोटो मागवून खात्री करून घ्या, उपयोगी पडतं.

ज्यांना हे सगळं स्वतःच्या जिभेवर तपासायचंय त्यांनी असं करा. बर्बन कास्कमधली एखादी साधी सिंगल माल्ट घ्या, ग्लेनमॉरंजी ओरिजिनल सगळ्यात योग्य. दोन ग्लासांत ३०-३० मिली ओता, एकात चहाचा पाव चमचा खरी रुबी पोर्ट घाला, पोर्तुगालची. गोव्यात पोर्ट वाईन म्हणून जी स्वस्त गोड लाल वाईन मिळते ती यासाठी चालणार नाही, ती दोउरोची नसते, चव पूर्ण वेगळी. तिसऱ्या ग्लासात क्विंटा रुबान १४. तिन्ही झाकून पंधरा मिनिटं ठेवा, मग आधी नुसता वास, मग घोट, मग दोन-तीन थेंब पाणी घालून परत. पोर्ट घातलेल्या ग्लासात पहिल्या क्षणी गोड लाल फळं येतील, छान वाटेल, आणि लगेच संपेल, मागे साधी व्हिस्की उरेल. क्विंटा रुबानमध्ये गोडवा कमी वाटेल पण फळ, चॉकलेट, लाकूड कुठे सुरू होतं कुठे संपतं ते वेगळं काढता येणार नाही. पाणी घातल्यावर ती अजून उलगडते, पहिली मात्र विस्कटते.

घ्यायचं काय, तर जुनी १२ कुठे वाजवी भावात दिसली तर संग्रहासाठी नाही, पिण्यासाठी घ्या, १४ शेजारी ठेवून प्यायला मजा येते, पण दोन्हींतली एकच घ्यायची तर मी १४ घेईन. पोर्ट ठळक हवी असेल तर ॲरनची पोर्ट कास्क फिनिश ५० टक्क्यांची आहे ती बघा. २१ तेव्हाच घ्या जेव्हा तुम्हाला वय चाखायचंय. आणि बाटली उघडली की पोर्ट फिनिशवाली उगाच वर्षानुवर्षं अर्धी ठेवू नका, बाटलीत व्हिस्की मुरत नाही, हवेने सगळ्यात आधी जातात ते हेच फळांचे वास. अर्धी झाली की छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, उभी, उजेडापासून लांब ठेवा.